मगरिबला बारा वाजवणारे घड्याळ

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. बाहेर ऊन कलले आहे, तुमच्या मनगटावर सहा वाजायला आले आहेत, आणि माझ्यात मात्र अकरा वाजून गेले आहेत. मी बिघडलेलो नाही. मी एक जुने, टेबलावर ठेवायचे घड्याळ आहे आणि आजवर एकदाही खोटे बोललेलो नाही. तरीही माझ्यावर खोटेपणाचा आळ आला होता. तीच गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म कुठल्या तरी थंड देशातल्या कारखान्यात झाला. त्यातले मला फारसे आठवत नाही. डोळे उघडले ते झांझिबार बेटावरच्या एका गुजराती दुकानदाराच्या काचेच्या कपाटात. रत्नागिरीकडचे मोहिद्दीन हमदुले तिथे लवंगांच्या वखारीत कामाला होते. त्यांची लेक शहनाझ शाळेत जायला लागली, तेव्हा त्यांनी मला घरी आणले. मला चार पितळी पाय आहेत, निळ्या आकड्यांची तबकडी आहे, आणि पाठीत फुलपाखरासारखी एक किल्ली आहे.

त्या बेटावर दिवस मगरिबपासून मोजत. सूर्य बुडाला, अजान झाली, की शहनाझची अम्मा खतीजा मला किल्ली देई आणि दोन्ही काटे बारावर आणून ठेवी. रोज, न चुकता. शाळा, कचेरी, पोस्ट मात्र इंग्रजी वेळेवर चाले. त्यावर खतीजाने एक सोपी युक्ती शोधली होती. माझा लहान काटा ज्या आकड्यावर असेल, त्याच्या बरोबर समोरचा आकडा म्हणजे इंग्रजी वेळ. माझ्यात दोन वाजले, की शाळेत आठ. ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती, पण माझ्याकडे पाहून तिने लेकीला सात वर्षे शाळेत पाठवले आणि शहनाझ एक दिवसही उशिरा पोहोचली नाही. शेजारपाजारच्या बायका आपल्या मुलांना माझे उदाहरण देत. मला त्याचा थोडा गर्व झाला होता, हे कबूल करतो.

१९६४ साली बेटावर मोठी उलथापालथ झाली. वखारीला कुलूप लागले. एप्रिलमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला, तसे आम्ही एका अरबी गलबतातून दुबईला निघालो. शाळेचे दाखले घाईत मागेच राहिले. वाटेत लाटेच्या पाण्याने मोहिद्दीनभाईंचे मनगटी घड्याळ कायमचे बंद पडले. मी वाचलो, कारण खतीजाने मला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवले होते. त्या तांदळाचा एक दाणा अजून माझ्या काचेच्या आत अडकलेला आहे. नीट पाहा, सातच्या आकड्याखाली दिसेल.

दुबईत खाडीच्या काठी, देरा नावाच्या वस्तीत, खजुरीच्या झावळ्यांच्या घरात आमचा संसार मांडला गेला. मोहिद्दीनभाई धक्क्यावर पोत्यांचे मुकादम झाले. पहाटेच्या नमाजानंतर जायचे आणि असरला, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाला, परत यायचे. त्यांना घड्याळाची गरजच नव्हती. खतीजाला मात्र मोठा आनंद झाला, कारण इथेही लोक मगरिबला बारा वाजवत. नव्या मुलखात निदान वेळ तरी ओळखीची निघाली, असे ती म्हणाली.

प्रश्न होता शहनाझचा. तिचे वय तेरा. हातात दाखला नाही. इथल्या हिंदुस्थानी शाळेने सांगितले, की जूनमध्ये परीक्षा घेऊ, पास झाली तर सातवीत बसवू. मोहिद्दीनभाईंनी बराच विचार केला. ते वाईट माणूस नव्हते, पण परमुलखात वाढत्या मुलीला घरी बसवून ठेवायला ते तयार नव्हते. परीक्षा पास झाली तर इन्शाल्ला इथेच शिकेल, नाहीतर पुढच्या बोटीने मायलेकींनी गावी जायचे, असे त्यांनी ठरवले. गावी तिच्यासाठी शाळा नव्हती. तिथे एक चुलती होती आणि चुलतीने पाहून ठेवलेले एक स्थळ होते.

शहनाझ माझ्यासमोर बसून सहा आठवडे अभ्यास करत होती. मी टिकटिक करत तिला सोबत केली. दुसरे मला काय येते?

परीक्षेचा दिवस उजाडला. गणिताचा पेपर सकाळी आठ वाजता होता. मोहिद्दीनभाई धक्क्यावर गेले होते, म्हणून खतीजाच लेकीला घेऊन निघाली. वाटेत वेळ कळावी म्हणून तिने मला कापडी पिशवीत घालून बुरख्याच्या आत धरले होते. वाळूतून चालताना तिने दोनदा थांबून माझ्याकडे पाहिले. आम्ही शाळेच्या दारात पोहोचलो तेव्हा माझ्यात पावणेदोन वाजले होते. म्हणजे तिच्या हिशेबाने इंग्रजी आठला अजून पंधरा मिनिटे होती.

वर्गाचे दार बंद होते. खिडकीतून मुले खाली माना घालून लिहिताना दिसत होती. अन्वर मास्तर नावाचे उंच शिक्षक बाहेर आले आणि त्यांनी व्हरांड्याच्या भिंतीकडे बोट दाखवले. भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच कमी होते.

"पेपर आठला सुरू झाला, बाई," मास्तर म्हणाले. "अर्ध्या तासानंतर कुणाला आत घ्यायचं नाही, असा रूल आहे."

खतीजा परक्या पुरुषाशी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. तिने मला पिशवीतून काढून व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवले.

"हे बघा सर, दोन वाजायचेत अजून. दोन म्हणजे तुमचे आठ. सात वर्षं याच्यावर पोरगी शाळेत गेली. हे खोटं बोलत नाही."

मास्तरांनी मला उचलून कानाशी धरले, हलवले आणि म्हणाले, की घड्याळ बिघडलेले दिसते, समुद्राच्या हवेने असे होते. मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मी तर सेकंदभरही चुकलो नव्हतो. पण मला तोंड कुठे होते? खतीजाला वाटले, आपल्याच हाताने लेकीची शाळा बुडाली. तिने मला परत पिशवीत घालायला हात पुढे केला.

शहनाझने तो हात धरला. ती एकदा भिंतीकडे पाही, एकदा माझ्याकडे. मग तिने विचारले, खडू मिळेल का? मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दिला. तिने दाराजवळच्या फळ्यावर आठ पंचावन्न लिहिले, त्याखाली एक पंचेचाळीस लिहून वजाबाकी केली. उत्तर आले सात दहा.

"काल मगरिब सात वाजून दहा मिनिटांनी झाली, अम्मा," ती हळूच म्हणाली. "आपण सहाला झाली असं धरतोय."

मग तिने फळ्यावर एक मोठा गोल काढला आणि मधोमध आडवी रेघ मारली. रेघेच्या जरासे खाली एक टिंब दिले. ते आमचे बेट. तिथे बारा महिने सूर्य सहाच्या आसपासच बुडतो, फरक पडला तरी थोडा. रेघेच्या बरेच वर दुसरे टिंब दिले. ती दुबई. इथे उन्हाळ्यात दिवस लांबतो, सूर्य तासभर उशिरा बुडतो. अम्माची समोरच्या आकड्याची युक्ती बेटावर खरी होती. इथे आल्यापासून ती रोज थोडी थोडी चुकत गेली आणि मनगटी घड्याळ बंद पडल्यामुळे घरात कुणाला कळलेच नाही.

"द क्लॉक इज राइट, सर," शहनाझ म्हणाली. "आवर सिक्स अवर्स आर राँग." घड्याळ बरोबर, चूक आमच्या सहा तासांच्या हिशेबाची.

मास्तरांनी फळ्यावरची वजाबाकी बोटाने तपासली. मग त्यांनी मला पुन्हा उचलले, या वेळी दोन्ही हातांनी, आणि काचेवरची वाळू आपल्या रुमालाने पुसली.

"गणिताचा आजचा पेपर मी तुला देऊ शकत नाही. रूल इज रूल. उद्या सकाळी आठला ये, माझ्यासमोर बसून दुसरा पेपर लिही," ते म्हणाले. "भूगोलाला येऊ नकोस. तो खलास. आत्ता दिलास." आणि दारापर्यंत गेल्यावर वळून म्हणाले, "उद्या या घड्याळात किती वाजता इथे पोहोचायचं?"

"वन ओ'क्लॉकला दहा मिनिटं कमी," शहनाझ म्हणाली.

खतीजा तेव्हा रडली. परतीच्या वाटेवर तिने मला पिशवीत घातले नाही, हातातच धरले. लोक बघत होते, बघू देत म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या साडेबारालाच शाळेच्या दारात हजर होतो. शहनाझ पास झाली आणि बोटीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्यानंतर आमच्या घरी रेडिओ आला. वेळ त्याच्यावरून कळू लागली. शहनाझने मनगटी घड्याळ घेतले. मी फळीवर गेलो, माझ्यासमोर मसाल्यांचे डबे आले. फक्त खतीजा मगरिबला येऊन मला किल्ली देत राहिली. गेल्या वर्षी तिची बहीण आजारी पडली म्हणून ती गावी गेली, आणि मी थांबलो. चार महिने माझ्यात साडेतीन वाजले होते. खाऱ्या हवेने किल्ली गंजली. घड्याळाला मरण असे येते, मित्रांनो. तुटून नाही, विसरल्याने. मला फार एकटे वाटले.

एके दिवशी हळद शोधताना शहनाझचा हात मला लागला. आता ती अठरा वर्षांची आहे, मॅट्रिक झाली आहे आणि संध्याकाळी तुम्हा मुलांची शिकवणी घेते. तिने माझी धूळ झटकली, किल्लीला तेल दिले, आणि मगरिबची वाट पाहून मला बारावर लावले. तांदळाचा दाणा दिसला तेव्हा ती किती वेळ हसत होती.

तेव्हापासून मी या टेबलावर आहे. कुणी शारजाहून येते, कुणी उम्म अल कुवैनहून, कुणी कालच कोकणातून बोटीने आलेले असते. कुणाचे उत्तर चुकते, कुणाला इथली रीत कळत नाही, आणि बाकीची मुले हसतात. शहनाझ त्यांना रागावत नाही. ती मला पुढे सरकवते आणि नव्या मुलाला विचारते, तुझ्याकडे आत्ता किती वाजले आहेत? देश तसा वेश, हे खरेच. पण वेश बदलायला माणसाला थोडा वेळ तर द्यावा.

मी तुमच्याकडे फार काही मागत नाही. कुणाला चुकीचे म्हणण्याआधी त्याला कुठल्या मावळतीवर लावले होते, ते एकदा विचारा. आणि मला रोज किल्ली द्या. दहाच फेरे. अकरावा दिलात तर माझ्या पोटातली कमान तुटेल.

ऐका, अजान सुरू झाली. आज पाळी कुणाची आहे?