मागच्या बाथरूमचं कुलूप

माणूस तोंडानं खोटं बोलतो, हातांना ते जमत नाही. म्हणून दारात आलेल्याचे हात मी आधी हुंगते. लेकीला माझी ही खोड मुळीच आवडत नाही, पण तिचं लग्नसुद्धा मी असंच हुंगून लावलंय.

या खेपेला तिच्याकडे राहायला गेले, तर जावयाच्या हातांना मासळीचा वास. वर औषधाचा. आणि जावई तर मासळीला शिवतही नाही!

तो सरकारी गाडी चालवतो. रानातलं जखमी जनावर उचलायचं नि सरकारी केंद्रात पोचवायचं. केंद्रात गेलेलं जनावर परत रानात गेलेलं कुणी पाहिलं नाही, अशी कुजबुज माझ्या कानावर आलीच होती. कुणी म्हणे कातडी विकतात. त्यात घराच्या मागच्या बाथरूमला कुलूप.

"नळ गळतो, आई," लेक म्हणाली.

"म्हणून कुलूप? पाणी पळून जाईल होय गं?"

ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली.

जावई चोर निघाला तर तो तुरुंगात नि पोर माझ्या दारात. दुपारी त्याचा डोळा लागल्यावर खुंटीवरच्या शर्टातून किल्ली काढली आणि दार उघडलं.

टबात पाणमांजर. मागच्या पायाला पट्टी. माझ्यावर असं फिस्कारलं, जसं काही तेच सासू नि मी नवी सून.

वळते तर मागे जावई, चेहरा पांढराफटक.

"कुणाला विकणार होतात?"

"आई, काय बोलता! सापळ्यात अडकलं होतं. केंद्रात डॉक्टरच नाही. जुना गेला, नवा आलाच नाही. याच्या आधीचं पिंजऱ्यात पाय सडून मेलं, माझ्यासमोर."

"मग लपवता कशाला?"

"रानातलं जनावर घरी ठेवणं गुन्हा आहे. सापळा लावणारा मोकळाच राहील, मी आधी आत जाईन."

मी त्याचे हात पुन्हा हुंगले. विश्वास बसला, पण पुरता नाही. पुरता मी देवावरही ठेवत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. त्याचे साहेब. "शेजाऱ्यांची तक्रार आहे, घर बघायचंय."

मी बाथरूममध्ये शिरले नि आतून कडी लावली.

"आत कोण आहे?"

"मी! अंघोळ करतेय. पाठ चोळायला येताय का?"

नेमकं त्याच वेळी मेलं ते जनावर शिट्टी मारल्यासारखं ओरडलं.

"आजी, हा कसला आवाज?"

"दमा आहे मला."

"दम्याला मासळीचा वास येतो?"

माणूस बावळट नव्हता. मी दार फटीएवढं उघडलं. त्यांच्या हातात पिंजरा.

"पिंजरा आणलात. डॉक्टर?"

"जागा रिकामी आहे. वर कळवलंय."

"कायदा केलात, पाट्या लावल्यात, गाडी दिलीत. जनावर बरं करणारा तेवढा विसरलात! घर बांधलं नि चूल मांडायची राहिली. डॉक्टर आणा, मग हेही न्या नि जावयालाही न्या. तोवर कडी माझ्या हातात."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. साहेब पिंजरा तिथेच टाकून निघून गेले. पोलीस आणायलाच गेले असणार. मी स्टूल ओढून टबाशी बसले. ते माझ्याकडे बघत होतं, मी त्याच्याकडे. दोघांचाही एकमेकांवर भरवसा नव्हता.

दिवेलागणीला साहेब परत आले. सोबत पिशवी घेतलेली एक बाई.

"माझी धाकटी बहीण. कुत्र्यामांजरांची डॉक्टर आहे."

"असं कुणीही सांगेल. हात दाखव गं."

तिनं निमूट पुढे केले. फिनेलचा वास, ओल्या कुत्र्याचा वास, मनगटावर ओरखडे. मी बाजूला झाले.

मागोमाग साहेब आत येऊ लागले. मी आडवा हात घातला. "तुमचे?"

त्यांच्या बोटांना ताज्या शाईचा वास होता.

"जावयाविरुद्ध काय लिहून आलात?"

"हेच, की केंद्रात डॉक्टर नाही, म्हणून माझ्या परवानगीनं जनावर इथं ठेवलंय."

"परवानगी कधी दिलीत?"

"लिहिता लिहिता," साहेब मान खाली घालून म्हणाले.

मी ते हात पुन्हा एकदा हुंगले. मग टबाशी ठेवलेलं मासळीचं पातेलं त्यांच्या हातात दिलं.

"भरवा आता. बोटं सांभाळा, ते तुमचा हुद्दा बघणार नाही."