न उपसलेला खिळा

मी नालेचा खिळा बोलतोय. खरं तर मला तोंड दाखवायला जागा नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी शंभर भावंडांसोबत पुठ्ठ्याच्या डब्यात होतो. अंगाने चपटा, टोकाला जरा तिरपा. आमचा डबा एका म्हाताऱ्या नालबंदाने घेतला. घोड्याच्या खुराला नाल ठोकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "एकदा ठोकलेला खिळा मला कधी उपसावा लागला नाही," हे तो ज्याला त्याला ऐकवायचा. डब्यात बसून आमचीही छाती फुगायची. खिळ्याला छाती नसते म्हणा.

एके दिवशी तो तांबडी नावाच्या घोडीला नाल ठोकायला एका तबेल्यात गेला. मालक समोरच खुर्ची टाकून बसले होते. तांबडीची देखभाल करणारा मोतद्दार म्हणजे नालबंदाचा जावई; त्याने लगाम धरला होता. पुढच्या उजव्या पायातला शेवटचा खिळा मी. खुराची बाहेरची कड तुमच्या नखासारखी असते, तिला दुखत नाही. खिळा तिच्यातून गेला की हातोड्याचा आवाज खणखणीत येतो. माझ्या तिसऱ्या घावाला आवाज बसका आला. मी आतल्या जिवंत मांसाकडे सरकलो होतो. तांबडीने पाय ओढला.

नालबंदाचा हात थांबला. त्याला कळलं होतं, अगदी शपथेवर सांगतो. पण मालक बघत होते. "नखरे करते," म्हणत त्याने आणखी दोन घाव घातले, बाहेर आलेलं माझं टोक कापलं आणि वाकवून टाकलं.

चौथ्या दिवशी तांबडी लंगडू लागली. उजवा पाय टेकला की मान वर उडवायची. माझ्याभोवतीचं मांस तापत चाललं होतं. तिचा ठणका मला जाणवायचा आणि मला तसूभरही हलता येत नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

मालकांनी नालबंदाला बोलावलं. त्याने खूर सोडून खांदा चाचपला.

"खांदा भरलाय. खडीवर दौडवली असणार."

"मी तर तिला नुसती फिरवत होतो, मामा," जावई म्हणाला. "एकदा नाल काढून बघूया का?"

"तू मला शिकवणार?"

सासऱ्याला उलट उत्तर द्यायची जावयाला सवय नव्हती. चार दिवस तो बिचारा तांबडीचा खांदा शेकत, चोळत राहिला. ती जास्तच लंगडू लागली. मग मालकांनी त्याला कामावरून काढलं, घोडी विकायचं ठरवलं आणि नाल उतरवायला नालबंदाला परत बोलावलं.

त्या वेळी तबेल्यात नालबंद, तांबडी आणि मी, असे आम्ही तिघेच होतो. त्याने पकडीने मला उपसलं. माझ्यामागोमाग काळपट पू आला. नालबंद खाली बसला आणि तांबडीचा पाय मांडीवर घेऊन म्हणाला, "चुकलं गं माझं."

मग रोज येऊन त्याने तिचा पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवला, पट्टी बदलली. काही दिवसांत तांबडी नीट चालू लागली.

"तुमच्या हातात जादू आहे," मालक म्हणाले. "मी तर विकायला निघालो होतो हिला."

मी तेव्हा नालबंदाच्या सदऱ्याच्या खिशात होतो.

काल जावई नालबंदाच्या घरी आला. त्याला अजून काम नाही. घोडी बिघडवणारा म्हणून नाव झाल्यावर दुसरा तबेला दारात उभं करत नाही. तो सासऱ्याच्या पाया पडला.

"मामा, तुमच्यामुळे तांबडी वाचली. माझ्याच हातून काहीतरी झालं असणार. रोज आठवतो, पण कळत नाही काय झालं ते."

नालबंदाचा हात खिशात गेला. त्याने मला मुठीत धरलं. दारात उभी असलेली त्याची मुलगी, म्हणजे जावयाची बायको, बापाकडे बघत होती.

"बस," तो म्हणाला. "चहा घे."

मूठ खिशातच राहिली.

मी गंजतोय, त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्यापैकी कोणाला तो नालबंद भेटला, तर त्याला एवढंच सांगा, की घोडीपुढे जे म्हणालास ते एकदा जावयापुढे म्हण. तो अजून आपलं काय चुकलं तेच आठवत बसलाय.