राणीचा खोकला

सगळी वस्ती त्याला प्रोफेसर म्हणायची, पण कॉलेजचं तोंड, तिथे जादूचे खेळ करायला गेला तेव्हाच काय ते त्याने पाहिलं होतं. जादूगाराने नावाआधी प्रोफेसर लावायचं असतं, असं धंद्याच्या सुरुवातीला त्याला कुणीतरी सांगितलं आणि गड्याने ते फारच मनावर घेतलं.

त्याची बायको म्हणजे खेळातली राणी. अंगाचं मुटकुळं करून ती पेटीत पडायची, वरून तलवारी खुपसल्या जायच्या आणि शेवटी ती हसत बाहेर यायची. उरलेला वेळ ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून खोकायची. बाईची छाती कमजोर आहे, असं लोकांना वाटायचं. एका प्रेक्षक बाईने तर मध्यंतरात तिला खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. खरी गोष्ट अशी की, नाणं तळहातात लपवलं की प्रोफेसरचा डावा अंगठा ताठ उभा राहायचा. रिकाम्या हाताचा अंगठा असा उभा राहत नाही, हे जाणत्या माणसाच्या लगेच ध्यानात येतं. ही खोड त्याला जन्मात मोडता आली नाही. राणी खोकली की तो अंगठा आत घ्यायचा.

"एकदा मला समोर बसून खेळ बघू द्या की," ती अधूनमधून म्हणायची.

"आणि पेटीत कोण शिरणार? तुझा बाप?"

बाप अंगाने चांगलाच आडवा होता, त्यामुळे तिला हसू यायचं आणि विषय तिथेच राहायचा.

पुढे लोक खेळ बघताना फोन समोर धरायला लागले. नाणं गायब झालं की तोंडात बोट घालायचं सोडून व्हिडिओ मागे नेऊन बघायचे. एका वाढदिवसाला एक आगाऊ पोरगी सगळ्यांदेखत ओरडली, "डाव्या हातात आहे, अंगठा बघा!" राणी खोकली होती, पण गाण्याच्या दणदणाटात त्याला ऐकूच गेलं नाही. हॉलभर हशा पिकला.

प्रोफेसरने सामान पेटीत भरलं, पेटी माळ्यावर टाकली आणि चपलांच्या दुकानात नोकरी धरली. ज्या हातांनी हवेतून कबुतरं काढली, ते हात आता लोकांच्या टाचा बुटात कोंबायला लागले. राणीने परोपरीने समजावलं. पण रुसलेल्या कलावंतापुढे कुणाचं काय चालतं? काही वर्षं तो घरात पाहुण्यासारखा वावरला.

मग राणीचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजारणीचं नाव, मग गॅसवर ठेवलेलं दूध.

एका सकाळी तो खिशातली चिल्लर काढत होता. जुन्या सवयीने एक नाणं बोटांवरून फिरलं आणि तळहातात जाऊन बसलं. समोर बसलेल्या राणीचे डोळे विस्फारले.

"अगं बाई! गेलं कुठे?"

त्याला वाटलं, थट्टा करतेय. त्याने तिच्या कानामागून नाणं काढून दाखवलं. तिने कान चाचपून पाहिला आणि टाळ्या पिटायला लागली. त्याचा अंगठा तेव्हा खांबासारखा उभा होता. ती खोकली नाही.

त्याला रडू आलं. पण दुसऱ्या दिवशी त्याने नाणं पुन्हा गायब केलं, आणि तिला ते पुन्हा पहिल्यांदाच दिसलं.

माळ्यावरची पेटी खाली आली. काळा कोट उन्हात पडला. दुकानातून रोज अर्ध्या दिवसाची रजा काढून प्रोफेसर आरशासमोर तासन्‌तास बोटं घोटायला लागला. असा प्रेक्षक त्याला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. याच्याकडे फोन नव्हता, कालची आठवण नव्हती. माणसाची जीभ एकदा चटावली की आवरत नाही, आणि टाळीची चटक तर सगळ्यात वाईट.

त्यांची लेक जवळच राहायची. कामावर जाताना रोज डोकावून जायची. एकदा ती दारातच थबकली.

"बाबा, आई मला ताई म्हणतेय. आणि तुम्ही शीळ घालताय?"

प्रोफेसरने शीळ थांबवली. लेकीने डॉक्टर बदलला. नवा डॉक्टर स्पष्ट बोलणारा होता. "रोग बरा होणार नाही," तो म्हणाला. "गोळ्यांनी थोपवता येईल, तेही काही काळ. पण एकही गोळी चुकवायची नाही." गोळी द्यायचं काम साहजिकच नवऱ्याकडे आलं.

गोळ्यांनी गुण दिला. राणी दूध वेळेवर उतरवायला लागली. शेजारणीला तिने नावाने हाक मारली. आणि एका सकाळी प्रोफेसरने कोट चढवून नाणं गायब केलं, तेव्हा ती खोकली.

"अहो, अंगठा," ती हसून म्हणाली.

लेक आईच्या गळ्यात पडून रडली. प्रोफेसरही हसला, पण त्याला वाईट वाटलं होतं. बायको परत आली म्हणून नवऱ्याला वाईट वाटावं! त्याची त्याला लाजही वाटली, आणि तरी वाईट वाटायचं काही थांबलं नाही. कोट पुन्हा खुंटीला लागला. चपलांच्या दुकानात तो पुन्हा पूर्ण दिवस जायला लागला.

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी गोळी हातात घेताना त्याच्या मनात आलं, एका गोळीने काय होतंय?

लेक खांद्याला बॅग लावून दारात उभी होती. "गोळी दिलीत का?"

"देतोय की."

त्याने गोळी डाव्या हातात घेतली, हात राणीच्या ओठांपर्यंत नेला आणि उजव्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला. गोळी तळहातातच राहिली. इतकी सफाई त्याला भर खेळातही कधी साधली नव्हती.

राणी खोकली.

तिची नजर त्याच्या डाव्या हातावर होती.

"काय गं, ठसका लागला?" लेक पुढे आली.

राणीने पाण्याचा घोट घेतला, मान मागे टाकून गिळला आणि तोंड उघडून लेकीला जीभ दाखवली. "गेली पोटात. ये इकडे, कॉलर बघ कशी झालीय." ती लेकीची कॉलर सारखी करत राहिली. लोकांचं लक्ष त्याच्या हातावरून उडवायला जन्मभर तिने हेच केलं होतं. त्याने अंगठा आत घेतला.

लेक गेली. जिना उतरल्याचा आवाज थांबला.

"माझं मला कळतं हो," राणी म्हणाली. "मी नसते तेव्हा तुम्ही खूश असता."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. जन्मभर पेटीत पडले. झाकण लागलं की आत काळोख. पण बाहेर तुम्ही आहात, झाकण उघडणार, हे ठाऊक असायचं. म्हणून कधी भ्याले नाही." तिचा आवाज फुटला. "हे झाकण कोण उघडणार? मला भीती वाटते. गोळी द्या माझी."

त्याने मूठ उघडली. घामाने गोळी मऊ पडली होती. त्याने ती चिमटीत धरून तिच्या जिभेवर ठेवली आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून तो हुंदके देऊन रडला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

त्याच संध्याकाळी त्याने गोळ्यांचा डबा लेकीकडे दिला. "सकाळी येतेसच, तर तूच देत जा," एवढंच म्हणाला. लेकीने कारण विचारलं, ते त्याने सांगितलं नाही.

जादू मात्र त्याने सोडली नाही. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी तो कोट चढवायचा, राणीसमोर उभा राहायचा, नाणं गायब करायचा आणि अंगठा मुद्दाम ताठ ठेवायचा. मग श्वास रोखून वाट बघायचा. ती खोकायची. "अहो, कधी सुधारणार?" म्हणायची. मग हा खुशीत दुकानात जायचा. टाळ्यांसाठीही त्याने कधी इतका जीव टाकला नव्हता.

काही सकाळी खोकला उशिरा यायला लागला. एकदा तो आला, पण कशासाठी खोकले हे तिला सांगता येईना. लेक गोळी चुकवत नव्हती. डॉक्टरने 'काही काळ' म्हटलं होतं, तो काळ सरत आला होता.

आणि मग एका सकाळी प्रोफेसरने नाणं तळहातात घेतलं आणि अंगठा होता तेवढा बाहेर काढला. आंधळ्यालाही दिसावा असा. तो थांबला. आणखी थांबला. हात तिच्या अगदी डोळ्यांपुढे नेला.

"अगं बाई!" राणी म्हणाली. "गेलं कुठे?"

आणि तिने टाळ्या वाजवल्या.