कडेला डाग असलेली लेन्स

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवतात, ती. उंचीने पाणी प्यायच्या पेल्याएवढी, रंगाने काळी, आणि पोटात एकामागे एक बारा काचा. माझ्या अंगावरचे आकडे घासून पुसट झाले आहेत आणि आतल्या एका काचेच्या कडेला बारीकसा डाग आहे. तो मी लपवत नाही. त्या डागामुळे मी स्वस्तात विकले गेले आणि त्याच डागामुळे एकदा माझ्यावर खोटा आळही आला.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. धुळीचा कणही आत येऊ नये म्हणून तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत. माझ्या काचा बसवणारी बाई प्रत्येक काच ठेवताना श्वास रोखून धरायची. काम झाल्यावर तिने मला दिव्यासमोर धरलं, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

माझा पहिला मालक पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर होता. खांबांना गेलेले केसासारखे तडे मी त्याला जवळ आणून दाखवायची. अकरा वर्षं आम्ही उन्हातान्हात हिंडलो. घरी आल्यावर तो मला मऊ ब्रशने झटकत बसे आणि त्याची बायको म्हणे, "माझी एवढी विचारपूस कर कधीतरी!" मग तो निवृत्त झाला आणि मला कपाटात ठेवून विसरून गेला.

त्या कपाटामागच्या भिंतीला ओल होती. बंद, अंधाऱ्या, दमट जागेत काचेलाही बुरशी धरते, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मलाही नव्हतं. माझ्या आठव्या काचेच्या कडेला एक पांढरा धागा उगवला. काही वर्षांनी मालकाच्या मुलीने कपाट आवरायला काढलं, तेव्हा मी जुने कॅमेरे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या दुकानात पोहोचले.

आता माझ्या आजच्या घराबद्दल सांगते. हा दोन खोल्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत काउंटर, संगणक, आरसा आणि दोरीला बांधलेला कंगवा. कंगवा बांधून ठेवला आहे, कारण आधीचे तीन गिऱ्हाइकांबरोबर चालते झाले. मागच्या खोलीत पांढरा पडदा, एक स्टूल आणि दोन मोठे दिवे. स्टुडिओ चालवणाऱ्या बाईंना सगळे फोटोताई म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ काउंटर सांभाळतो. कुठल्याही गोष्टीला त्याचं पहिलं उत्तर 'नको' असतं, म्हणून घरात त्याचं नाव नकोबा पडलं आहे.

फोटोताईंची एकुलती एक चांगली लेन्स बिघडली. ती आपोआप नेम धरेनाशी झाली, फोकस साधायला दर वेळी हाताने फिरवावी लागे. तिच्यासारखी नवी घ्यायची तर शहरातल्या दुकानदाराने सांगितलेली किंमत ऐकून ताई चहा अर्धा टाकून उठल्या. मग त्या संगणकावर परदेशी विक्रेत्यांच्या जाहिराती चाळू लागल्या. हे सगळं मला नंतर कळलं, दोघांच्या भांडणांतून.

"नको," नकोबा म्हणाला. "न पाहिलेला माणूस, न पाहिलेली वस्तू. डब्यातून वीट निघाली तर कोणाच्या नावाने रडायचं?"

"म्हणून तर मी विचारून घेतेय," ताई म्हणाल्या.

त्यांच्यासमोर दोन जाहिराती होत्या. एकीत लिहिलं होतं, 'अगदी नव्यासारखी, चकाचक'. दुसरी माझी होती: 'वापरलेली. आतल्या काचेच्या कडेला बुरशीचा धागा. फोटोत दिसत नाही, पण आहे.' चकाचक लेन्स माझ्याहून स्वस्त होती. ताईंनी दोन्ही विक्रेत्यांना सारखेच प्रश्न पाठवले. आतून बॅटरीचा उजेड टाकून फोटो पाठवाल का? लेन्सवरचा क्रमांक कळेल का? पसंत नाही पडली तर परत घ्याल का, आणि पाठवणीचा खर्च कोणाचा? चकाचकवाल्याने उत्तर दिलं, 'लवकर घ्या, पुष्कळ जण मागत आहेत.' माझ्या व्यापाऱ्याने सात फोटो पाठवले, त्यांत माझा डाग सगळ्यांत मोठा करून दाखवलेला. मित्रांनो, मला तेव्हा फार लाजल्यासारखं झालं होतं. पण त्या डागाच्या फोटोमुळेच ताईंनी मला निवडलं.

व्यापाऱ्याने एक गोष्ट मात्र सुचवली. डब्यावर 'भेटवस्तू' असं लिहिलं आणि किंमत कमी दाखवली तर कस्टमचा कर वाचेल. ताई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी लिहिलं, 'खरी किंमत लिहा. खोटं मला जमणार नाही. आणि वाटेत हरवली तर भरपाई कशाची मागू, भेटवस्तूची?' हे वाचून नकोबासुद्धा गालात हसला.

माझा प्रवास दहा दिवसांत व्हायचा होता. प्रत्यक्षात मी कस्टमच्या एका गोदामात फळीवर पडून राहिले. वर-खाली डबेच डबे. एकविसाव्या दिवशी ताईंनी कर भरला आणि माझी सुटका झाली. नकोबाने डबा उघडण्याआधी फोन समोर उभा करून चित्रण सुरू केलं, म्हणजे वस्तू फुटकी निघाली तर पुरावा हाताशी असावा. वीट निघाली नाही. मी निघाले.

ताईंचा जीव भांड्यात पडला, पण दोनच दिवस. माझं कडं फिरवताना अडकू लागलं. प्रवासात कुठेतरी मला दणका बसला होता. ताई मला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन गेल्या. तिथल्या माणसाने क्रमांक पाहिला आणि हात झटकले. "ही इथली खरेदी नाही. आम्ही हात लावणार नाही."

"झालं!" नकोबा म्हणाला. "बसा आता परदेशी पाहुणीची आरती ओवाळत."

शेवटी एका जिन्याखालच्या दुकानात मी पोहोचले. तिथे एक वयस्कर कारागीर घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करत. त्यांनी माझा एकेक स्क्रू काढून बशीत मांडला. कडं मोकळं केलं, बुरशी पुसली आणि काच उजेडात धरून म्हणाले, "बुरशी मेली. पण तिने काच खाल्लीय, तेवढा डाग राहणार. पोरी, ही बुरशीची खूण मध्यावर असती तर मी तुला परत पाठव म्हटलं असतं. कडेला आहे, फोटोत यायची नाही. कोरडी ठेव, रोज वापर."

पाठवणी, कर आणि दुरुस्ती धरून ताईंची बचत ठरवल्यापेक्षा निम्मीच झाली. तरीही बचत झाली. पण त्यांनी खरा शहाणपणा त्यापुढे केला. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून, खिडकीसमोर, दिव्यासमोर, फ्लॅशमध्ये, त्यांनी माझ्याकडून शेकडो फोटो काढून घेतले आणि मी कुठे चोख आहे, कुठे कच्ची, हे एका वहीत लिहून ठेवलं. इतकी कसून ओळख माझ्या इंजिनिअरनेही करून घेतली नव्हती.

मी कामाला लागले. शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो, लग्न ठरवायचे फोटो, निवृत्तीच्या दिवशी हार घातलेल्या कारकुनांचे फोटो. नकोबाचा माझ्यावरचा राग मात्र जाईना. कुणाच्या गालावर सावली पडली की तो गिऱ्हाइकांदेखत म्हणे, "लेन्स बाहेरची आहे ना, स्वस्तातली." मी काय बोलणार? मला तोंड आहे, पण जीभ नाही.

आणि मग ती छोटी आली.

पाच महिन्यांची मुलगी, तिची आई आणि आजी. मुलीचे वडील परदेशात नोकरीला होते. त्यांच्याकडे जायचं म्हणून बाळाचा पासपोर्ट काढायचा होता. मोठे दिवे लावताच बाळाने भोकाड पसरलं. ताईंनी ते विझवले आणि कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशने पटापट चार फोटो घेतले. अशा फ्लॅशमध्ये डोळ्यांच्या बाहुल्या कधीकधी लाल दिसतात, तुम्ही पाहिलं असेल. बाळाची उजवी बाहुली लाल आली. डावी पांढरी.

संगणकावर ते पाहून नकोबाने कपाळावर हात मारला. "बघ! तुझ्या पाहुणीचा डाग शेवटी फोटोत आला. थांब, काळा रंग भरतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

मित्रांनो, मी हादरले. खरंच माझाच डाग असेल का? काचेला स्वतःचं आतलं दिसत नाही.

"हात लावू नकोस," ताई म्हणाल्या. "हिचा डाग कडेला आहे. शेकडो फोटोंत आला नाही, तो आजच येईल? आणि चारही फोटोंत, तोही एकाच डोळ्यात?"

त्या मागच्या खोलीत परत गेल्या. बाळाला दुसऱ्या बाजूला वळवून माझ्याकडून आणखी फोटो घेतले. मग मला उतरवून जुनी बिघडलेली लेन्स चढवली, ती हाताने फिरवून पुन्हा फोटो घेतले. डावी बाहुली पांढरीच.

ताई आईसमोर स्टूल ओढून बसल्या. "मी डॉक्टर नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कदाचित काहीच नसेल, नुसता उजेडाचा खेळ असेल. पण दोन वेगवेगळ्या लेन्समधून तेच दिसतंय. बाळाचा डोळा एकदा दाखवून घ्या. उशीर करू नका."

आईचा चेहरा उतरला. आजी मात्र भडकल्या. "अहो, तुमचाच भाऊ म्हणाला ना आत्ता, लेन्समध्ये डाग आहे म्हणून? स्वस्तातला माल आणायचा आणि आमच्या पोरीत खोट काढायची! चल गं, दुसरीकडे काढू फोटो."

तेव्हा नकोबा काउंटरमागून उठून आला.

"आजी," तो म्हणाला, "या लेन्सला पहिल्या दिवसापासून नावं ठेवणारा मी. हिची चूक सापडावी म्हणून मी टपून बसलेला असतो. तोच मी सांगतोय, आज चूक हिची नाही. मघाशी मी न पाहता बोललो. हे फोटो घेऊन जा, पैसे नकोत, फक्त डॉक्टरांना दाखवा."

त्याने दोन्ही लेन्सचे फोटो छापून पाकिटात घातले. आजींनी पाकिटाकडे पाहिलंही नाही. आईने ते घेतलं.

पुढचे अकरा दिवस फार वाईट गेले. दारावर सावली पडली की ताई मान वर करत. "चुकले असेन तर उगाच त्या पोरीच्या आईला घोर लावला," त्या एकदा म्हणाल्या. नकोबा म्हणाला, "चुकली असलीस तर बरंच होईल की. तसंच होवो." आणि त्याने मला उचलून, कुणी न सांगता, मऊ फडक्याने पुसलं. त्याने मला पुसण्याची ती पहिलीच वेळ.

बाराव्या दिवशी आई आली. एकटीच. "मोतीबिंदू आहे," ती म्हणाली. "बाळांनाही होतो म्हणे, मला माहीतच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तुमचे फोटो ठेवून घेतले. म्हणाल्या, आणखी वर्षभर कळलं नसतं तर तो डोळा बघायचंच शिकला नसता. सोमवारी ऑपरेशन आहे." एवढं बोलून ती स्टूलवर बसली आणि रडली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. नकोबा चहा सांगायला म्हणून बाहेर गेला, तो डोळे पुसूनच आत आला.

ऑपरेशन नीट झालं. पण तेवढ्याने सगळं संपलं नाही. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून अशक्त डोळ्याला कामाला लावावं लागे, आणि त्या वेळी छोटी घर डोक्यावर घेई. पट्टी बांधायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं. घरातली सगळी भांडी वाजवून त्या तिचं लक्ष तिकडून काढत. पासपोर्टचा फोटो काढायला त्या तिघी पुन्हा आमच्याकडेच आल्या. जाताना आजी फक्त म्हणाल्या, "त्याच लेन्सने काढलात ना?"

"त्याच," ताई म्हणाल्या.

गेल्या महिन्यात वडिलांना सुट्टी मिळाली आणि ते सगळे परदेशातून इकडे आले. छोटी आता तीन वर्षांची आहे. नाकावर जाड काचांचा गोल चष्मा आहे. डावा डोळा उजव्याइतका तेज नाही, पण आता पुष्कळ पाहतो. तिने मला पाहिलं आणि तोंड माझ्या अगदी जवळ आणून विचारलं, "तू कोण?"

"तुझी मैत्रीण आहे," नकोबाने सांगितलं.

"मी काढू फोटो?"

मित्रांनो, तेव्हा नकोबा 'नको' म्हणाला नाही. त्याने कॅमेऱ्याचा पट्टा तिच्या गळ्यात अडकवला, खालून हाताचा आधार दिला आणि तिने खटका दाबला. फोटोत ताईंची अर्धी हनुवटी आली, आजींचा एक कान आला आणि बरंचसं छत आलं. सगळे हसले. मीही माझ्या परीने हसले.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. लांबून काही मागवणार असाल तर खुशाल मागवा, पण आधी प्रश्न विचारा, आणि उत्तरं देताना जो आपल्या मालाचं उणं स्वतःहून सांगतो, त्याच्यावर थोडा भरवसा ठेवा. वस्तू घरात आली की तिला कपाटात कोंडू नका. कोरड्या जागी ठेवा, वापरा, तिची खोड ओळखून घ्या. आणि कधी तिने दाखवलेलं तुम्हाला पटलं नाही, तर तिच्यावर रंग फिरवण्याआधी एकदा पुन्हा, नीट पाहा.