रेषा दिसली नाही तर

मला बॉयलरची भीती वाटते, आणि हे मी कुणापासून कधी लपवलेलं नाही. धुलाईच्या कारखान्यात मी इस्त्रीखात्यात आहे, आणि इस्त्रीखातं नेमकं बॉयलरच्या डोक्यावर. पायाखालची फरशी बाराही महिने कोमट असते. थंडीत बाकीच्या बायका चपला काढून तिच्यावर उभ्या राहतात आणि म्हणतात, काय छान ऊब आहे गं! मला कसली ऊब? खाली लोखंडाच्या पोटात पाणी उकळतंय, आणि बाहेर पडायला वाट शोधतंय, एवढंच माझ्या डोक्यात असतं. घाबरट म्हणून माझी सगळ्या खात्यात ख्याती आहे. असू दे.

त्यात म्हातारे बॉयलरमास्तर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोण गेलं, तर आमचे हे. म्हणजे भीती होती तिथे जीवही जाऊन बसला.

ह्यांनी परीक्षा रीतसर दिली होती. जाडजूड पुस्तकं आणली, पिवळी पेन्सिल घेतली आणि महत्त्वाच्या ओळींवर रंग मारायला बसले. ह्यांना सगळ्याच ओळी महत्त्वाच्या वाटल्या. पुस्तक हळदीत बुडवून काढल्यासारखं झालं. मी गंमत म्हणून एक पान उघडून प्रश्न विचारला, तर हे छताकडे बघायला लागले. पुढचं पाठ, मागचं सपाट! कसेबसे पास झाले, पण पास होणं वेगळं आणि त्या लोखंडी पोटासमोर एकट्यानं उभं राहणं वेगळं, हे मला कळत होतं. ह्यांनाही कळत असावं, कारण जेवण कमी झालं होतं.

शेवटी मीच ह्यांना मास्तरांच्या घरी घेऊन गेले. मास्तरांनी पिवळं पुस्तक चाळलं, मिटलं आणि मांडीखाली ठेवून दिलं.

"आता सांग, काय वाचलंस?"

ह्यांची नजर परत छताकडे.

"जे आठवत नाही ते वाचलंच नाही, असं समजायचं. पुस्तक मिटायचं आणि मग लिहायचं. पुस्तकाच्या भाषेत नाही, तुझ्या. हे असं झालं तर मी हे करीन, एवढंच. आणि लिहिलेलं कपाटात ठेवायचं नाही. जिथे हात जातो, तिथे टांगायचं."

मग आमच्या घरात नवाच संसार सुरू झाला. घडी केलेल्या सदऱ्यांत घालतो तो पुठ्ठा मी आणायचे आणि चादरींवर खुणा करायची शाई हे आणायचे. ती शाई शंभर धुण्यांत जात नाही. एक प्रकरण वाचायचं, पुस्तक मिटायचं, पुठ्ठ्यावर चार ओळी उतरवायच्या. नीट उतरलं नाही तर परत वाचायचं. तयार पुठ्ठे हे खाली नेऊन टांगायचे: एक तेलाच्या नळाशी, एक दाबाच्या घड्याळाशी, एक काचेशी, एक पंपाच्या खटक्याशी.

घरी परीक्षा मी घ्यायची. भांडी घासता घासता, लेकीची वेणी घालता घालता. सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न काचेचा होता, कारण त्याची मला सगळ्यात जास्त धास्ती. बॉयलरला बाहेरून एक उभी काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते तिच्यातल्या रेषेवरून कळतं. गंमत अशी, की नळी काठोकाठ भरली तरी रेषा दिसत नाही आणि पार रिकामी झाली तरी दिसत नाही. दोन्ही वेळेला काच सारखीच लख्ख.

"रेषा दिसली नाही तर?" मी विचारायची.

"रिकामी समजायची."

"रिकामी असेल तर?"

"पाणी सोडायचं," हे पहिल्या दिवशी म्हणाले होते. मलाही ते बरोबरच वाटलं. भांडं रिकामं झालं की माणूस पाणीच ओततो. मास्तरांना सांगितलं तर ते हसले नाहीत.

"तू इस्त्रीवाली ना? तापलेल्या इस्त्रीवर पाणी शिंपडलंस तर काय होतं?"

"चर्रकन वाफ होते."

"तीच इस्त्री घराएवढी असली, चारी बाजूंनी बंद असली, आणि शिंपडण्याऐवजी बादल्याच ओतल्यास तर?"

त्या दिवशी ह्यांनी नवा पुठ्ठा लिहिला: *काच रिकामी. लाल बटण, आग बंद. पाण्याला हात नाही. माणसं बाहेर.* तो पंपाच्या खटक्यावरच बांधला, असा की खटका ओढायचा तर आधी पुठ्ठा बाजूला करावा लागेल. तो पुठ्ठा तिथे आहे एवढ्यावर मी वर निर्धास्त उभी राहायला लागले. निर्धास्त म्हणजे माझ्या मानानं.

मग तपासनीस येणार असल्याची वार्ता आली.

आमच्या व्यवस्थापकांना सगळे घाईसाहेब म्हणतात. पाणी कमी झालं की आग आपोआप तोडणारं एक यंत्र बॉयलरला होतं. ते उगाच मध्येच आग तोडतं आणि कामाचा खोळंबा होतो, म्हणून ते घाईसाहेबांनी कधीच बाजूला काढून ठेवलं होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी ते परत बसवायचं ठरलं होतं म्हणे. त्याच्याही आधी त्यांनी भिंतींना रंग द्यायला घेतला आणि पुठ्ठ्यांकडे बोट दाखवलं.

"हे काय लटकवलंय? आमचा माणूस पाट्या वाचून बॉयलर चालवतो, असं म्हणेल ना तो! काढा सगळं."

मला वाटलं हे नाही म्हणतील. पण ह्यांनी हसत हसत स्वतःच्या हातानं दोऱ्या सोडल्या. संध्याकाळी पुठ्ठ्यांचा गठ्ठा घरी आला. मी म्हटलं, "अहो, खटक्यावरचा तरी राहू द्यायचा."

"आता सगळं तोंडपाठ आहे. विचार काय विचारायचं ते."

मी विचारलं. एकही चुकलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. गठ्ठा मी कपाटात ठेवून दिला.

रंग वाळायच्या आतच ते घडलं. मी चादरीला इस्त्री करत होते. बाकीच्या बायका कुणाच्या तरी सासूवर हसत होत्या. माझे कान मात्र खाली. घाबरट माणसाचे कान तिखट असतात. बॉयलरचा पंप थोड्या थोड्या वेळानं खोकून चालू होतो, मग थांबतो; मला त्या खोकल्याची अशी सवय आहे, की तो आला की मी न कळत श्वास सोडते. त्या सकाळी माझ्या लक्षात आलं, की मी कितीतरी वेळ श्वास सोडलेलाच नाही.

इस्त्री उभी केली आणि लोखंडी जिन्यानं खाली धावले.

हे स्वच्छ सदरा घालून काच पुसत उभे होते. "बघ, कशी टिच्च भरलीय," म्हणाले. "रेषाच वर निघून गेली. पंप बंद केला मी मघाशीच. मागच्यासारखं वाफेतून पाणी यायला नको."

मागे एकदा पाणी जास्त झालं होतं, धुतलेल्या चादरींवर डाग पडले होते आणि ह्यांनी चारचौघांत बोलणी खाल्ली होती. ते मनात बसलेलं. म्हणून लख्ख काच दिसली, की ती भरलेलीच दिसत होती. मला काही कळत नव्हतं. तोंडातून घरचाच प्रश्न निघाला.

"रेषा दिसली नाही तर?"

"रिकामी समजा..." हे सवयीनं म्हणाले आणि तिथेच थांबले. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं. वाकून त्यांनी काचेखालची बारकी तोटी उघडली. पाणी यायला हवं होतं. आली ती नुसती फुसकारणारी वाफ.

सकाळी तपासणीसाठी बॉयलरचा तळाचा नळ साफ केला होता. तो पुरता आवळला गेला नव्हता, त्यातून पाणी निघून गेलं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की आत पाणी नाही आणि खाली आग धडधडतेय, आणि वर खिदळणाऱ्या बायका आहेत.

"काय झालं? काय झालं?" घाईसाहेब जिन्यावरून उतरत होते.

"पाणी गेलंय," मी म्हटलं.

"मग सोडा की! बघत काय बसलात? सोडा पाणी!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचे ओठ हलत होते. लाल बटण, आग बंद, पाण्याला हात नाही, माणसं बाहेर. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि हात पंपाच्या खटक्यावर होता. नव्या रंगानं चकाकणाऱ्या, मोकळ्या खटक्यावर. घरी मी तोंडाची परीक्षा घेतली होती. हाताला अडवायला फक्त तो पुठ्ठा होता, आणि तो आमच्या कपाटात होता.

"अरे, हात काढ!" मी ओरडले. लग्न झाल्यापासून मी ह्यांना कधी अरे म्हटलेलं नाही.

हात निघेना. डोळे माझ्याकडे, पण त्यांत माणूस नव्हता. मी दोन्ही हातांनी मनगट ओढलं, ते लोखंडासारखं घट्ट. खटका हलायला लागलेला मी पाहिला. मग मी चावले. सांगायला लाज कसली, पूर्ण ताकदीनं, दात रुतेपर्यंत चावले.

हे ओरडले आणि हात सुटला. मी खटक्याला पाठ लावून उभी राहिले. "लाल बटण!" मी म्हटलं, आणि आता हे धावले. आग विझल्याचा आवाज आला, म्हणजे आवाज थांबल्याचा. घाईसाहेब काहीतरी बोलत होते, त्यांना ढकलून मी जिन्यावर गेले आणि बायकांना मिळतील त्या शिव्या देऊन बाहेर काढलं. एकीनं हसत विचारलं, "आज काय पाहिलंस गं घाबरटे?" माझं तोंड बघून ती चपला हातात घेऊन पळाली.

आम्ही फाटकाबाहेर रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. ती वाट बघणं मी आयुष्यात विसरणार नाही. आग विझली म्हणजे संपलं असं नसतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, आणि न वाचलेल्या बायका माझ्यापेक्षा सुखी होत्या. ह्यांच्या मनगटावरून रक्त ओघळत होतं. मी पदराची पट्टी फाडून बांधली.

काही झालं नाही. बॉयलर गार झाल्यावर मास्तरांना बोलावलं. ते आत डोकावून आले, तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा होता. आतलं लोखंड तापून वाकलं होतं. "फुटायला पेलाभर पाणी पुरलं असतं," म्हणाले. घाईसाहेब त्या दिवशी पहिल्यांदाच सावकाश चालत गेले.

नवा बॉयलर आला, आग तोडणारं यंत्र त्यावर पहिल्या दिवसापासून बसलं. पुठ्ठे परत लागले. शिवाय आता रोज सकाळी, आग लावण्याआधी, मी खाली जाते आणि प्रश्न विचारते. ह्यांनी तोंड उघडायचं नाही. चालत जायचं आणि लाल बटणावर हात ठेवायचा. तो हात तिथे टेकेपर्यंत मी वर जात नाही. बायका हसत नाहीत आता.

हे सगळं कुणी विचारलं तर धीटपणे सांगतात. फक्त घरी जेवताना लेकीचा पेला रिकामा होतो, आणि ती न बघता म्हणते, "बाबा, पाणी." ह्यांचा हात तांब्याकडे जातो आणि मध्येच थांबतो. तिथेच, हवेत, मनगटावरच्या माझ्या दातांच्या खुणांसकट. लेक वर बघते. मग मी तांब्या उचलते आणि पेला भरते.