फ्लोरिडातले दोन हिवाळे

लुझविमिंडाला नाही म्हणता येत नसे. वडीलधाऱ्यांना तोंडावर नकार देणं म्हणजे बेशरमपणा, हे तिच्या हाडीमांसी खिळलेलं. कॅनडातल्या विनिपेगमध्ये ती म्हाताऱ्या मिसेस हॅलोरनला सांभाळायची. थंडी पडली की म्हातारी उन्हासाठी अमेरिकेत फ्लोरिडाला निघायची आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "तू नाही आलीस तर मी तिकडे मरेन गं." लुझ मुकाट्याने बॅग भरायची. तिला तर तो मानच वाटे.

रविवारी मिसाची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये ती दितासपुढे नूडल्सची ताटली घेऊन बसली. दितास सगळ्या फिलिपिनो बायकांचे कायम वास्तव्याचे अर्ज भरून द्यायची. सगळ्या तिला 'आते' म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

"कामाची दोन वर्षं भरली, आते. आता शायराचं नाव माझ्याबरोबर घाला. पुढच्या महिन्यात बावीस पूर्ण झाली की पोर म्हणून धरणार नाहीत तिला."

"म्हणजे महिन्याभरातच अर्ज जायला हवा. मधे कुठे बाहेर नव्हतीस ना?"

"मी कुठली जाते! फ्लोरिडाला तेवढी, तीही म्हातारीबरोबर. दोन्ही हिवाळे."

दितासने काटा खाली ठेवला.

"अगं बये! कॅनडात केलेलं कामच धरतात. बाहेरचं मोजत नाहीत."

"पण तीच म्हातारी, तोच पगार! तिकडे काय मी वाळूत लोळत होते?"

"मला काय सांगतेस? जमणार नाही म्हणायला जीभ झडली होती का?"

"म्हातारं माणूस रडत होतं, आते."

"मग आता तू रड," दितास म्हणाली खरी, पण तिने लुझचा हात हातात घेतला. "हा हिवाळा इथे काढ. तुझं होईल. तोवर पोरगी बावीस ओलांडेल, तिचं नाही होणार."

म्हातारीची रडकथा सरकारला दिसत नाही, पोरीचं वय मात्र अचूक दिसतं. नऊ वर्षांच्या शायराला आजीकडे ठेवून लुझ परदेशी गेली होती, आधी हाँगकाँगला, मग इथे. इतकी वर्षं पोर फोनवरच वाढली. आता भेटायची ती पाहुण्यासारखीच. लुझला तिथेच जमिनीवर लोळण घ्यावीशी वाटली. तिने ताटली धुऊन जागेवर ठेवली.

संध्याकाळी शायराचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी हसत होती. आईला ती 'नानाय' म्हणायची.

"रॉमेलचं लग्न ठरलं, नानाय. दुसरीशी."

"तुला वाईट वाटलं?"

"थोडं. पण लग्न केलं तर मला तुझ्याकडे येता येणार नाही, असं तूच म्हणाली होतीस ना? म्हणून तर मी त्याला नाही म्हटलं." मग म्हणाली, "अर्ज कधी जातोय? आजी विचारतेय, मी येताना तुझ्यासाठी काय आणायचं?"

लुझने तोंड उघडलं. आता सांगायलाच हवं होतं. फोनवर पोरीचा चेहरा अगदी जवळ आला होता.

"सुके आंबे आण," ती म्हणाली.