फाइलीत नसलेलं मिनिट

रुग्णालयाच्या तळघरात बसणारा सर्व्हरवाला स्वतःच्या कामाबद्दल ब्रसुद्धा ऐकून घ्यायचा नाही. त्याची धाकटी मेहुणी वर दुसऱ्या मजल्यावर प्रोग्राम लिहायची. ही नोकरी तिला त्यानेच शब्द टाकून मिळवून दिली होती, आणि ते तो तिला विसरू देत नसे.

तिने तयार केलेल्या पानावर रुग्ण घरबसल्या नर्सला लिहून प्रश्न विचारायचे. बोलणं चालू असेपर्यंत लाइन उघडी राहायला हवी. पण नर्स डॉक्टरांना विचारायला उठली आणि मिनिटभर कुणीच काही लिहिलं नाही, की लाइन तुटायची. तापलेलं पोर मांडीवर घेतलेली एखादी आई 'संभाषण संपले' एवढंच वाचत बसायची. तक्रारी वाढल्या आणि सगळं खापर मेहुणीच्या डोक्यावर फुटलं.

तीन आठवडे तिने प्रोग्रामचा कीस पाडला. मग चाचरतच विचारलं, की बाहेरचं सगळं येणं-जाणं भाऊजींच्या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून होतं, तर तिथे एकदा बघायचं का. भाऊजींना मिरच्या झोंबल्या. साहेबांसमोर, भर बैठकीत त्याने प्रॉक्सीच्या सेटिंगची फाइल भिंतीवरच्या पडद्यावर उघडली. पुऱ्या चाळीस ओळी, आणि मिनिटाचा उल्लेख कुठेच नाही.

"असलं काही मी लिहिलेलंच नाही," तो म्हणाला. ते अगदी खरं होतं.

"न लिहिलेलंही काही चालू असू शकतं ना, भाऊजी?"

तो हसला. मग साहेब हसले, आणि साहेब हसल्यावर बाकीच्यांनाही हसावंच लागलं. शुक्रवारी मेहुणीला नारळ मिळाला.

सोमवारी लाइन तुटलीच. आता खापर फोडायला मेहुणी नव्हती. वर्षानुवर्षं न उघडलेली प्रॉक्सीची माहितीपुस्तिका त्याने दुपारी उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: वेगळी मुदत लिहून दिली नसेल, तर साठ सेकंदांच्या शांततेनंतर प्रॉक्सी स्वतःच लाइन तोडते. त्याने गुपचूप एक ओळ घातली, मुदत तासाची केली. लाइन तुटायची थांबली.

"बघा, ती गेली आणि दुखणंही गेलं," साहेब बुधवारी म्हणाले. त्याने मान डोलावली. स्वतःची लाज वाटली, पण मान डोलावलीच.

रविवारी मेहुणी जेवायला आली. ताटावर बसल्या बसल्या तिने पहिलं तेच विचारलं, लाइनीचं काही कळलं का.

"थांबलं ते," तो म्हणाला. "तू गेल्यावर, आपोआप."

"म्हणजे माझंच चुकत होतं," ती बहिणीला म्हणाली. "परवा एकांनी बोलावलंय गं, अशाच कामाला. नको म्हणून कळवते. पुन्हा कुणाचं पोर तापलेलं असायचं."

बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं, तुम्ही तरी समजवा अशा नजरेने. त्याने भाजी मागितली.